उपाशी माणसाची साखर

येकातीत १६, रविवार. संध्याकाळ.

उद्यापासून आमच्या इथिओपियन चर्चचा मोठा उपवास. पंचावन्न दिवस मांस, दूध, लोणी, अंडी वर्ज्य. शनिवार-रविवार सोडून दिवसाच्या नवव्या तासापर्यंत, म्हणजे उन्हे पश्चिमेला कलेपर्यंत, पाण्याचा थेंबही नाही. अकरा वर्षांचा होतो तेव्हापासून साठ वर्षे यात खंड पडलेला नाही.

यंदा उपवासाला दुसरेही प्रयोजन आहे. ते नोंदवून ठेवतो. उजव्या डोळ्याला मोतीबिंदूमुळे गेल्या पावसाळ्यापासून काही दिसत नाही. डावा तीन वर्षांपासून धुक्यात आहे. हे लिहिताना जाड टोकाचे पेन वापरतो, तरी ओळी उताराला लागतात. अदिस अबाबाहून डोळ्यांच्या डॉक्टरांचे पथक वर्षातून एकदाच आमच्या देब्रे बिरहान गावात येते. यंदा ते फासिका, म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण, झाला की त्यानंतरच्या मंगळवारी, मियाझिया महिन्याच्या १४ तारखेला, येणार आहे. यादीत माझे नाव आहे. अट एकच: त्या सकाळी उपाशीपोटी रक्तातली साखर १८० च्या आत हवी. नसेल तर डोळ्याला हात लावणार नाहीत. साखर जास्त असली की जखम चिघळते, असे त्यांचे म्हणणे.

आजची साखर १६८. म्हणजे अट आजच पूर्ण होते. परंतु काठावर उत्तीर्ण होणे माझ्या स्वभावात नाही.

एकतीस वर्षे मी जिल्हा न्यायालयात न्यायाधीश होतो. दुसऱ्याने वाचून दाखवलेला कागद एकदाही ग्राह्य धरला नाही. डोळा गेला तर उरलेले आयुष्य इतरांच्या तोंडून वाचावे लागेल. हे मला मान्य नाही.

संकल्प: सणापर्यंत साखर १०० पर्यंत खाली आणणे. आधार: साखर अन्नातून येते. उपवासात अन्न नाही. म्हणून उपवासात साखर नाही. या अनुमानात मला फट दिसत नाही.

येकातीत १७, सोमवार.

गोळीचा प्रश्न आज निकाली काढला. पाकिटावर लिहिले आहे: सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत घ्यावी. सकाळी जेवण नाही. सबब सकाळची गोळी उद्भवत नाही. संध्याकाळचे तपासून पाहिले. गोळी साखर कमी करते. उपवासही साखर कमी करतो. एकाच गुन्ह्याला दोन शिक्षा देता येत नाहीत. सबब संध्याकाळचीही नाही. शनिवार-रविवारी सकाळी जेवण असल्याने त्या दोन दिवशी गोळी नियमाप्रमाणे चालू राहील. कायद्याचे पालन अंशतः झाले तरी पूर्ण मनाने व्हावे.

सिस्टर वुबालेम निलगिरीच्या कुंपणापलीकडे राहते. आरोग्य केंद्रात नर्स आहे. कामावर जाण्याआधी रोज येऊन माझे बोट टोचते आणि छोट्या यंत्रावर साखर मोजते. तिचा बाप माझ्या न्यायालयात कारकून होता. सरळ प्रश्न विचारण्याची खोड तिथूनच आली असावी. वडीलधाऱ्यांना म्हणतात तसे मला ती 'गाशे' म्हणते. तिने विचारले, "गाशे, गोळी चालू आहे ना?" मी उत्तर दिले, "गोळी घरात आहे." हे विधान शब्दशः सत्य आहे.

येकातीत १९, बुधवार.

१९१. अपेक्षित होते. उपवासापूर्वीच्या आठवड्यात घरोघर मांस होते. त्याचा अवशेष अजून निघतो आहे.

संध्याकाळी नवव्या तासानंतर तीन इंजेरा, आंबवलेल्या पिठाची ती मोठी धिरडी, शिरोच्या पिठल्यासह. यशीमेबेतने भुवई उंचावली. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या पत्नीने भुवईपलीकडे फारसा विरोध कधी नोंदवला नव्हता, अलीकडे नोंदवते. म्हणाली, "जज्जसाहेब, उपवास सोडताय की कोणाचा सूड घेताय?" मी समजावले की न्याहारी, दुपारचे आणि रात्रीचे अशी तीन जेवणे होती, तिन्ही दावे एकत्र चालवले तर वेळ वाचतो, अन्न वाढत नाही.

साखर घालणे बंद केले आहे. भाजलेल्या जवाच्या पिठात मध घेतो. मध साखर नव्हे. साखर कारखान्यात होते.

येकातीत २१, शुक्रवार.

२१४.

यंत्राबद्दल संशय. वुबालेमला म्हटले, हे साधन सदोष आहे. तुलनेसाठी दुसरा साक्षीदार हवा. यशीमेबेतही उपाशीच होती, तिचे बोट पुढे केले. ८८.

वुबालेम म्हणाली, "घ्या. यंत्र ठीक आहे."

मी म्हटले, "यंत्र हिच्या बाबतीत ठीक आहे. माझ्या बाबतीत पूर्वग्रह असू शकतो."

"यंत्राला कसला पूर्वग्रह, गाशे? त्याला तुमचं नावसुद्धा माहीत नाही."

यशीमेबेत बोट चोखत म्हणाली, "माझी कमी आली तर एवढं तोंड कशाला पाडायचं? अर्धी मी देते तुम्हाला."

दोघी हसल्या. कामकाजाचे गांभीर्य राहिले नाही.

दुपारभर अंगणात फेऱ्या घातल्या. एका जागी बसवत नाही. तोंड कोरडे, जीभ टाळूला चिकटते. तहान उपवासाचीच आहे.

येकातीत २४, सोमवार.

१८४. उतरली.

कारणाचा शोध घेतला. शनिवार-रविवारी काय वेगळे घडले? रविवारी पहाटेपासून तीन तास प्रार्थनेत काठीच्या आधाराने उभा होतो. इतर काही विशेष नाही. न्याहारी, गोळी, दुपारचे जेवण, हे सर्व सामान्य. सबब उभे राहणे हेच कारण. सोमवारपासून शुक्रवारपर्यंतही सकाळी तीन तास उभे राहणार.

येकातीत २८, शुक्रवार.

चर्चच्या फाटकाशी पाच दिवस उभा राहिलो. मेंढ्या हाकणाऱ्या एका बाईने विचारले, "आजोबा, कोणाची वाट बघताय?" म्हटले, कोणाची नाही. ती म्हणाली, "मग बसा की. न येणाऱ्याची वाट बसूनही बघता येते."

घोटे सुजले. साखर २२९.

उभे राहण्याचा सिद्धांत तूर्त तहकूब.

मेगाबीत ३, बुधवार.

२३३. आज वुबालेम टोचून लगेच गेली नाही. स्टूल ओढून बसली. वाद असा झाला, स्मरणावरून:

ती म्हणाली, "गाशे, तुम्ही म्हणता खाल्लं नाही तर साखर येते कुठून. पोटात उजव्या अंगाला यकृत आहे ना, ती तुमची कणगी. तुम्ही जेवलात की जास्तीची साखर ती भरून ठेवते. तुम्ही उपाशी राहिलात की ती झाकण उघडते आणि थोडी थोडी रक्तात सोडते. पहाटे तर जास्तच, कारण अंगाला उठायचं असतं. सगळ्यांचंच असं असतं. आपल्या आत्याबाई, त्यांची ८८ आली ना, त्यांची कणगी पुरेशी साखर सोडून झाली की झाकण लावते. तुमची लावत नाही. रक्तात साखर ओसंडून चाललीय तरी तिला वाटतं घरात दुष्काळ आहे."

मी आक्षेप घेतला. जे स्वतःजवळ नाही ते कोणी दुसऱ्याला देऊ शकत नाही, हे तत्त्व सर्व न्यायपद्धतींत मान्य आहे. मी सोळा दिवसांत कणगीत दिवसा काही भरलेले नाही.

"संध्याकाळी तीन इंजेरा भरता."

"आणि संध्याकाळचे दिले नाही तर? कणगी रिकामी होईल. रिकाम्या कणगीतून काय निघणार?"

तिने माझ्या दंडाला हात लावला. म्हणाली, "रिकामी झाली की ती नवीन करते. या मांसाची. तुमच्याच अंगाची वस्तू मोडून साखर पाडते आणि वाटत सुटते."

"मग गोळी काय करते?" हा प्रश्न केवळ शैक्षणिक कुतूहलाने विचारला.

"गोळी जाऊन तिला सांगते, बाई, पुरे. हात आवर. दुसरं काही नाही. म्हणून तर ती रोज लागते. एक दिवस सांगितलं, चार दिवस गप्प बसलं, तर ती परत सुरू."

उपमा आकर्षक आहे. उपमा म्हणजे पुरावा नव्हे.

मेगाबीत ५, शुक्रवार.

तरीही प्रयोग म्हणून काल संध्याकाळी एकच इंजेरा, मध नाही. यकृताला काही दिलेच नाही.

आज २४१.

कमी दिले, जास्त काढले. हे वर्तन एखाद्या अवयवाचे नसून पक्षकाराचे आहे. एकाहत्तर वर्षे माझ्याच छत्राखाली राहून माझ्या हुकमाविरुद्ध जाणारा असा प्रतिवादी माझ्या न्यायालयात कधी आला नाही. यकृताने शिस्त मोडली आहे. उपाय म्हणजे शिस्त वाढवणे. उद्या शनिवार असल्याने सोमवारपासून.

फेऱ्या: कुंपणापासून विहिरीपर्यंत एकशे चाळीस. यशीमेबेत दारातून म्हणाली, "खळ्यावर बैल असाच फिरतो. पण त्याच्या पायाखाली धान्य तरी असतं."

वाचायला बसलो. स्तोत्रांची पोथी डोळ्यापासून दोन बोटांवर धरली तरच अक्षर लागते, तेही एकेक. पूर्वी एका बैठकीत दहा स्तोत्रे होत. आज अर्धे झाले. साखर कमी झाल्यावर डोळा, डोळ्यानंतर सर्व. क्रम स्पष्ट आहे.

मेगाबीत १०, बुधवार.

२३८. परंतु पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले. हा ठोस पुरावा. उपवास अंगी लागतो आहे.

वुबालेमला पट्टा दाखवला. तिने त्या भोकावर बोट ठेवले. मग म्हणाली, "गाशे, हे बारीक होणं नाही. हे झिजणं आहे. कणगी घराच्या भिंती खातेय."

पुन्हा उपमा.

मेगाबीत १५, सोमवार.

१८९. सोमवारी उतरते, हे आता सलग चौथ्यांदा. मी स्वतः हा मुद्दा तिच्यापुढे मांडला, कारण तो माझ्या बाजूचा आहे: रविवारचे पावित्र्य रक्तापर्यंत पोहोचते.

वुबालेमने वही मागितली. ही नव्हे, केवळ आकड्यांची. बोटाने सोमवार मोजले. मग उलटतपास सुरू झाला.

"शनिवारी सकाळी जेवता?"

"जेवतो. त्या दिवशी मुभा आहे."

"रविवारी?"

"रविवारीही."

"जेवणासोबत गोळी घेता?"

"पाकिटावर तशी सूचना आहे."

"आणि सोमवारी सकाळी?"

एकतीस वर्षे मी हाच सापळा इतरांसाठी लावत आलो. एकामागून एक निरुपद्रवी प्रश्न, आणि शेवटचा दरवाजा बंद करणारा. म्हटले, "सोमवारी जेवणच नसते."

"संध्याकाळी असतं."

मी तत्त्व सांगितले: एका गुन्ह्याला दोन शिक्षा नाहीत. तिने यंत्र बंद केले, पिशवीत ठेवले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, "आत्याबाई, यांनी महिनाभर गोळ्या आठवड्यातून दोनच दिवस घेतल्यात."

आतून भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला. यशीमेबेत आज दिवसभर बोलली नाही. भुवईसुद्धा नाही.

मेगाबीत १६, मंगळवार.

आबा गेब्रे-कीदान आले. ते आमच्या घराचे पापनिवेदन ऐकणारे गुरू. वय छत्तीस. मला 'बाळा' म्हणतात. पद पाहता ते योग्यच आहे. कोणी बोलावले ते विचारले नाही. यशीमेबेत त्यांच्यासाठी घोंगडी आधीच अंथरून बसली होती.

आबांनी विचारले, "बाळा, आजारी माणसाला उपवासातून सूट आहे हे मी तुला उपवास सुरू होण्याआधीच सांगितलं होतं की नाही?"

म्हटले, सूट म्हणजे परवानगी. परवानगी म्हणजे सक्ती नव्हे. ज्याला हक्क आहे त्याने तो सोडून देणे कायदेशीर आहे.

"कोणासाठी सोडलास?"

"देवासाठी."

"देवाने मागितला होता?"

मी उत्तर जुळवू लागलो. ते थांबले नाहीत. "तुझी बायको रोज माझ्याकडे येऊन रडते. डोळा गेला तर तू भिंतीला धरून चालशील, पण मदत मागणार नाहीस, हे तिला कळतं. तू उपवास करतोस की स्वतःची बाजू जिंकतोस?"

आबांना युक्तिवादाचे शिक्षण नाही. त्यामुळे त्यांना उत्तर देणे कठीण जाते.

प्रायश्चित्त ठरवले: मोठा उपवास संपेपर्यंत रोज सकाळी जेवायचे, जेवणासोबत गोळी घ्यायची, संध्याकाळीही घ्यायची. आणि सकाळचे जेवण अंगणात, उघड्यावर, रस्त्यावरून दिसेल असे.

अपिलाची सोय नाही.

मेगाबीत १७, बुधवार. सकाळ.

अंगणात स्टुलावर बसून इंजेरा आणि मसूर खाल्ली. फाटक उघडे होते. प्रार्थनेला जाणारे चौदा जण गेले. त्यांपैकी अकरा जणांना मी कधी ना कधी शिक्षा सुनावली आहे किंवा त्यांच्या बापांना. मान ताठ ठेवली. एकेक घास म्हणजे एकेक साक्ष.

कोणी थांबले नाही. एक म्हातारी म्हणाली, "बरं नाही का जज्जसाहेबांना? खा, खा." आणि ओच्यातून तीन लिंबे काढून स्टुलावर ठेवली.

निंदा सहन करण्याची माझी तयारी होती. लिंबांची नव्हती.

गोळी घेतली. २४४.

मेगाबीत २५, गुरुवार.

१७२.

वुबालेमने यंत्र माझ्या नाकासमोर धरले. मी पाहिले. एक, आणि मग काहीतरी. तिने आकडा सांगितला. "बघा, तिने ऐकलं," म्हणाली. कणगीबद्दल बोलत होती.

तोंडाची कोरड कमी आहे. फेऱ्या आज वीसच घातल्या, त्याही सवयीने.

मेगाबीत ३०, मंगळवार.

१५१. हा निकाल नीट समजून घेतला पाहिजे. वुबालेम श्रेय गोळीला देते. परंतु कालक्रम पाहता आधी चार आठवड्यांचा कडक उपवास, आणि नंतर उतार. कारण परिणामाच्या आधी येते. यकृताला शिस्त लागायला वेळ लागला, इतकेच. गोळी योगायोगाने त्याच सुमारास सुरू झाली.

हे वुबालेमला सांगितले नाही. ती मेहनती मुलगी आहे.

मियाझिया ४, शनिवार.

१३९. यशीमेबेत पुन्हा बोलते. आज सकाळी ताटात मसूर वाढताना म्हणाली, "डोळा आला की आधी माझं तोंड बघा. किती म्हातारी झालेय ते तुम्हाला ठाऊकच नाही. तीन वर्षं फुकटात तरुण राहिले."

गोळी घेतली.

मियाझिया ९, गुरुवार. सायंकाळ.

१३२. शस्त्रक्रियेला पाच दिवस. विजय निश्चित.

एक बाब विचारार्थ. उद्या शुक्रवार, क्रुसाचा दिवस. या शुक्रवारपासून सणाच्या पहाटेपर्यंत दोन दिवस अन्न-पाणी काहीच न घेणे हे माझे चाळीस वर्षांचे व्रत आहे. आबांचा हुकूम शब्दशः असा: "मोठा उपवास संपेपर्यंत रोज सकाळी जेवायचे." आता, धर्मशास्त्राप्रमाणे पहिला आठवडा पूर्वतयारीचा आणि त्यापुढे मोठा उपवास चाळीस दिवसांचा. शेवटचा आठवडा हा प्रभूच्या यातनांचा. तो उपवासाला जोडलेला असला तरी त्यात मोडत नाही. पंचावन्न दिवस हा लोकव्यवहार झाला. सबब हुकमाची मुदत गेल्या शुक्रवारीच संपली. त्यानंतर मी जे खाल्ले ते सौजन्याने.

यकृत आता शिस्तीत आहे. शिस्तीतल्या माणसाला पहारेकरी लागत नाही.

वुबालेम सणासाठी माहेरच्या गावी गेली. यंत्र ठेवून गेली. जाताना म्हणाली, "आत्याबाई टोचतील, आकडा वाचतील, तुम्ही नुसतं लिहा. आणि गोळी, गाशे." मी म्हटले, "गोळी घरात आहे." ती हसली नाही.

मियाझिया १०, शुक्रवार.

यशीमेबेतला सांगितले की आज-उद्या आकडा मीच वाचेन. तिचे वाचन नको. ती म्हणाली, "मला आकडे कळतात, जज्जसाहेब, मी बाजारात जाते." म्हटले, प्रश्न तुझ्या योग्यतेचा नाही, कार्यपद्धतीचा आहे.

यंत्र खिडकीशी नेले. शेवटचे दोन आकडे चार आणि सहा, किंवा चार आणि आठ. पहिला एक. १४६.

दिवसभर चर्चमध्ये. तीनशे साष्टांग दंडवत, मोजून. दुपारनंतर खांबाशी बसवले. कोणी बसवले ते दिसले नाही.

मियाझिया ११, शनिवार.

पाणीही नाही. ओठांना भेगा. अंगणात चालत राहिलो. थांबले की अंग आतून धावते.

यंत्र: पहिला आकडा एक किंवा दोन. संदर्भ पाहता एकच असणार. शेवटी तीन. मधला ठरवता आला नाही.

यशीमेबेतने मागे उभे राहून खांद्यावरून पाहिले. मी यंत्र मिटले. ती म्हणाली, "मी काही बोलत नाही. तुम्हाला ऐकायचं असेल तेव्हा विचारा." विचारले नाही.

मियाझिया १२, रविवार. सण.

प्रभू उठले. कोंबडा आरवल्यावर उपवास सोडला. मेंढीचे बारीक चिरलेले यकृत आणि आतडे, लोणी-मिरची घालून, कच्चेच. प्रतिवादीच्या जातभाईला खाताना एक प्रकारचे समाधान वाटले. नंतर कोंबडीचा रस्सा, अंडी, पाच इंजेरा. मधाची दारू दोन पेले, मग पाहुणे आल्यामुळे आणखी दोन.

गोळी आज नको. दोन दिवसांच्या रिकाम्या पोटावर इतके जड अन्न. त्यात औषध मिसळणे अविवेक.

मियाझिया १३, सोमवार.

पाहुणे. सकाळी उरलेला रस्सा, दुपारी यशीमेबेतच्या भावाकडे नवे मेंढरू. विसरू नये म्हणून लिहून ठेवतो: उद्या सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात. यंत्र आज वापरले नाही. उद्या दवाखान्याचेच वापरणार. एकाच प्रकरणात दोन न्यायालये कशाला?

संध्याकाळची गोळी हातात घेतली. मग विचार केला, एका गोळीने आता काय फरक पडणार आहे.

अंथरुणात तळमळ. उद्याबद्दल चिंता नाही.

मियाझिया १४, मंगळवार. दुपार.

दवाखान्याच्या ओट्यावर बावीस जण. मी सातवा. यशीमेबेतने माझी पांढरी शम्मा शाल इस्त्री करून खांद्यावर नीट टाकली होती.

नर्सने बोट टोचले. आकडा मोठ्याने सांगितला: ३२६.

मी म्हटले, दुसरे बोट घ्या. ३३१.

डॉक्टर तरुण. माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. मी क्रमाने मांडले: अन्न नसताना साखर येणे तर्काला सोडून आहे; गेल्या गुरुवारी १३२ होती, साक्षीदार उपलब्ध आहे; यंत्रांत तफावत असते; अटीतला 'त्या सकाळी' हा शब्दप्रयोग सैल आहे, त्याचा अर्थ 'त्या सुमारास' असाही घेता येतो. पाऊण तास नाही, पण पाव तास नक्की बोललो. मागून एक शेतकरी म्हणाला, "बाबा, तुमचा निकाल लागला. आता आमचे डोळे होऊ द्या."

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, तुमचं सगळं म्हणणं बरोबर असेल. मी वाद घालत नाही. पण डोळा मी फाडणार, आणि तो भरून काढणार तुमचं रक्त. त्याला तुमचं म्हणणं ऐकू येत नाही." मग विचारले, "गोळी शेवटची कधी घेतली?"

मी यशीमेबेतकडे पाहिले. ती माझ्या बाजूने काही बोलेल असे वाटले. ती म्हणाली, "गुरुवारी संध्याकाळी." मी समजत होतो तिला ठाऊक नाही.

पुढचे पथक पुढच्या वर्षी. कागदावर काहीतरी लिहून दिले. बाहेर येऊन उन्हात धरला. पांढरे दिसले, त्यावर करडे.

रस्त्याने ती अर्धे पाऊल पुढे चालली. दगड आला की थांबायची.

मियाझिया १५, बुधवार.

वुबालेम परतली. २८७. दवाखान्याचा कागद वाचून दाखवू का, असे तिने विचारले. वाच म्हटले. तिने वाचला. पुन्हा वाच म्हटले नाही.

मियाझिया १६, गुरुवार.

मागची पाने तपासायला घेतली. चूक नेमकी कुठल्या मुद्द्यावर झाली ते पाहायचे होते. माझेच अक्षर मला लागले नाही. ओळी एकमेकींवर चढलेल्या. हे पानही तसेच होत असणार.

सकाळी अंगणात इंजेरा खाल्ला. आज कोणाचा हुकूम नव्हता. गोळी काढायला गेलो तर फळीवर दोन पाकिटे: एक माझे, एक यशीमेबेतच्या गुडघेदुखीचे. दोन्हीतून एकेक गोळी काढली. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल. खिडकीशी धरून बराच वेळ पाहिल्या. मग तिला हाक मारली.

तिने दोन्ही घेतल्या, एक माझ्या तळहातावर ठेवली आणि बोटे मिटवली.

ही तीच कशावरून, असे मी विचारले नाही.